आल्या वाटेनं

रात्रपाळी. सलालाच्या इस्पितळात
सालमीनची काच भिंगाखाली:
अंडं, कुशीला काटा. एकच.

लहानपणी झऱ्यात डुंबायचा म्हणतो,
गोगलगाईंच्या हिरव्या पाण्यात.
तेव्हापासून त्याच्या आतड्यालगतच्या शिरेत
एक जोडपं बिऱ्हाड करून आहे:
तो पन्हळ झालेला,
ती त्या पन्हळीत.

खाते जास्त ती.
तांबड्या पेशी गिळते, घशाखाली फोडते,
मग विकरं कामाला लागतात.
एक मोठे तुकडे पाडतं, दुसरं बारीक,
तिसरं उरल्यासुरल्याची टोकं खुडतं,
आई गवार मोडायची तसं, न बघता.
रक्तातलं लोखंड तेवढं पचत नाही.
त्याची काळी भुकटी होते,
आणि पोटाला दुसरं दार नाही.
आल्या वाटेनंच ओकते ती,
सालमीनच्याच रक्तात.

किती वर्षं असतील? तो विचारतो.
वीस, मी म्हणतो. जास्तही.
"भाडं नाही दिलं कधी," तो हसतो.

माझं इथलं अकरावं.
फॅमिली व्हिसा पगाराच्या आकड्यापाशी अडलाय.

रिपोर्टवर सही करतो.
उद्या गोळ्या. शिरेवरची पकड सुटेल,
दोघांची, बहुधा एकदमच.

डबा उघडतो. भात गार झालाय.
हात पुन्हा धुऊन येतो.