गाळणं

दूधगावात, परड्यातल्या आडावर
चंपूअक्का दुपदरी फडक्यानं पाणी गाळते.
फडक्यात राहिलेले जीव
पोहऱ्यातनं परत खाली सोडते.
पोहरा पाण्याला टेकल्याशिवाय कलंडू द्यायचा नाही,
जिवाला मार बसतो.

बोअरचं तिला चालत नाही, डाळ शिजत नाही त्यात.
मळ्यातल्या विहिरीत म्हणे उसाचा युरिया उतरलाय.
आड आपला. सासऱ्यानं खांदलेला.

यंदा वारणा दोन दिवस परड्यात बसून गेली.
संडासाचा खड्डा ते आड, सतरा पावलं.
मी आत्ता मोजली, इतक्या वर्षांनी.

पंचायतीचा भूपाल आला,
इवल्या बाटलीत पाणी भरून
खिडकीत ठेवून गेला.
दुसऱ्या दिवशी बाटली काळी. शाईच.

अक्कानं ती उजेडात धरली.
"एवढे होते?"
मग बऱ्याच वेळानं,
"आणि मी गाळत होते."

भूपालनं टीसीएल कालवली,
वास नाकात गेला, डोळे चुरचुरले.
बादली तो वरनंच ओतणार होता.
तिनं ती काढून घेतली,
दोराला बांधली,
हळूहळू खाली सोडली,
पाण्याला टेकल्यावर
दोर ढिला केला.