एकुलता एक दुधी

गॅलरीत डिस्टेंपरच्या जुन्या बादलीत
यंदा एकच दुधी लागला,
तोही कमरेत वाकलेला,
ग्रिलला टेकून वाढल्यामुळे
पाठीवर गजाचा वळ घेऊन.

हंगामाच्या सणाला पहिलं फळ देवाचं,
हे मला लहानपणापासून पाठ.
पहिलं आणि शेवटचं एकच असेल तर काय,
ते संडे स्कूलमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.
शांतवन म्हणाला, "याची भाजी कर,
देवळात द्यायला मंडईतून भोपळा आणू."
मी दुधी धुतला, पुसला
आणि पिशवीत ठेवला.

खडकी बाजारातून चालत निघालो.
तीस वर्षं फॅक्टरीच्या भोंग्याआधी गेटवर हजर असलेला माणूस
आता दर खांबाशी थांबतो
आणि गुडघ्यांचं नाव न काढता
खांबावरची क्लासची जाहिरात वाचतो.
मी एकेका खांबाबद्दल देवाचे आभार मानले.
सराव म्हणून.

ही सवय आईची.
रोज झोपताना पाच उपकार, पाच बोटांवर.
करंगळीला सोपं काहीतरी :
नळाला पाणी आलं, दूध नासलं नाही.
अंगठा मात्र राखून ठेव, म्हणायची,
जे देवानं द्यायला नको होतं असं वाटतं
त्याच्यासाठी.
माझा अंगठा बहुतेक रात्री
तसाच झोपी जातो.

उपासना झाली, अंगणात लिलाव सुरू झाला.
दोन अंडी शंभराला गेली,
भोपळा सातशेला,
पाळकबाईंच्या केळ्यांवरून दोन साडू इरेला पेटले.
मग सेक्रेटरींनी माझा दुधी उचलला
आणि पोरं फिसकन हसली.
"दहा," कुणीतरी दया केली.
मी चपलेकडे बघत राहिले.
"तीनशे दहा."

आवाज ओळखायला वळावं लागलं नाही.
दबोरा पाटोळे.
माझ्या लेकीच्या लग्नात, भर मांडवात,
"भात कमी पडला गं बाई" म्हणालेली.
तीन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसतो,
दोन टोकांना,
मधे दोन माणसांची जागा
आणि एक उपासना-संगीत.
वरचे दहा कशाला, कुणास ठाऊक.
बटव्यात तेवढेच असतील.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा नातू आला.
स्टीलचा डबा, अजून कोमट.
"आजीनं सांगितलंय, डब्याची घाई नाही."
झाकण काढलं :
दुधी हलवा, माझ्याच दुधीचा,
काजू मोजून सहा.

शांतवनची जेवणाची प्रार्थना
लग्नापासून एकच आहे,
"बापा, या अन्नाबद्दल आभार, आमेन,"
आणि आमेनच्या आधीच हात भाकरीवर.
मी कितीदा म्हटलंय,
अरे, जरा मन घालून म्हण.
त्या रात्री मीच डोळे मिटले
आणि घशाशी शब्द अडकून बसला.
देवाला काय, कधीही आभार म्हणता येतं,
तो लग्नात भाताबद्दल बोलत नाही.

शांतवन म्हणाला,
"बापा, या अन्नाबद्दल आभार,"
आणि थांबला.
जसा खांबाशी थांबतो तसा.
"आणि दबोराबाईंबद्दल."
माझं आमेन
पंखा एक फेरी फिरल्यावर आलं.

हलव्यात वेलची जास्त होती.
तरी दोघांनी डबा बोटांनी निपटून खाल्ला.
शेवटचं अंगठ्यानं.

आता डबा घासून पालथा घातलाय.
दुसऱ्याचा डबा रिकामा कसा पाठवायचा?
दिवेलागणीला गॅलरीत जाऊन पाहिलं,
वेलावर एक पांढरं फूल उमललंय.
पण ते नर आहे.