चुन्याचं पाणी

त्रेचाळीस वर्षं मी मका लावला
आणि एकदाही शिजवला नाही.
हे मला कळलं फेब्रुवारीत,
एउफ्रोसिना गोठ्याच्या पायरीवरून घसरली
आणि तिचं उजवं मनगट
वाळल्या ताटासारखं कडकन मोडलं, त्या दिवशी.

ओआहाकाच्या आमच्या डोंगरात
उतार असा, की नांगर चालत नाही.
टोकदार काठीनं भोक पाडायचं,
चार दाणे, वर टाचेनं माती.
बियाणं कणसाच्या पोटातलं घ्यावं,
शेंड्याबुडाचे दाणे कोंबड्यांना.
कणीस पिकलं की ताट कमरेत मोडून ठेवावं,
तोंड खाली, म्हणजे पाऊस आत शिरत नाही.
विचारा मला, मध्यरात्री उठवून विचारा.

पण चूल मला ओळखत नव्हती.

ती खुर्चीत बसली, हात गळ्यात अडकवलेला,
आणि हुकूम सोडू लागली.
"चुना घाल."
किती?
"मूठभर."
तुझी मूठ की माझी?
ती गप्प झाली.
तिची मूठ प्लास्टरमध्ये होती.

मी माझ्या मुठीनं घातला.
मका पिवळाजर्द झाला, जीभ सोलून निघाली,
कुत्र्यानं हुंगलं आणि शेजारी राहायला गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गिरणीच्या रांगेत
सतरा बायका, सतरा बादल्या, आणि मी.
बोलणं थांबलं.
म्हातारी तेओफिला पुढे आली,
न विचारता माझ्या बादलीत हात घातला,
एक दाणा चोळला, दाताखाली धरला,
आणि खालच्या आळीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली,
"मासेदोनियो, हा मका नाही, ही लापशी."
हसता हसता कुणाची तरी बादली कलंडली.

पण सांगितलं तिनंच :
साल सुटली पाहिजे,
दाण्याच्या मध्ये मात्र पांढरा ठिपका कच्चा राहू दे.
तिथं उतरव. रात्रभर झाक.
सारखं उघडून बघू नकोस;
पेरलेलं तू उकरून बघतोस का?

गिरणीनं दळलं तरी
एउफ्रोसिनाला ते खरखरीत लागतं.
मग पाटा. गुडघे टेकून, कंबर पुढे-मागे.
पंधरा मिनिटांत माझे खांदे पेटले.
रोज हे? मी विचारलं.
"रविवारी जास्त," ती म्हणाली,
"रविवारी तुझे भाऊ येतात."

माझी पहिली तोर्तिया आमच्या शेतासारखी झाली,
एका अंगाला उतरती, काठ फाटलेले.
दुसरी तव्याला चिकटली.
तिसरी तिनं खाल्ली, काही न बोलता,
आणि ते मला बोलण्यापेक्षा लागलं.

मार्चमध्ये डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला.
पडणं हे निमित्त, तो म्हणाला,
हाड आधीच झिजलं होतं.
रोजच्या पंचवीस धरल्या तर,
मी परतीच्या बसमध्ये हिशेब मांडायला गेलो
आणि घाटातल्या दुसऱ्या वळणावर सोडून दिला.
ती खिडकीतून लोकांची शेतं बघत होती.
"यांनी ताटं मोडलीच नाहीत," ती म्हणाली,
"कणसं काळी पडली असणार."
तुला कसं माहीत?
"काळे दाणे कोण निवडतं?"

त्यानंतर कधीतरी, एका मंगळवारी,
एक फुगली.
अलगद पापुद्रा सुटला, वाफ कोंडली,
तव्यावर बेडकानं गाल फुगवावा तशी.
मी ओरडलो. ती लंगोटीतल्या पोराकडे बघावं तसं
माझ्याकडे बघून म्हणाली,
"चला, आता तुझं लग्न करायला हरकत नाही."

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट बारीक, पांढरं,
दुसऱ्याच कुणाचं असावं तसं.
तिनं ते चुन्याच्या डब्यात घातलं,
बोटं हळूहळू मिटली, पुरती मिटेनात,
आणि जेवढा आला तेवढा
माझ्या तळव्यावर ओतला.
"एवढा," ती म्हणाली.
पहिल्यापेक्षा कमी होता.
मी तो तसाच धरून उभा राहिलो,
तळवा चुरचुरू लागला तरी.