बोअर क्रमांक सात

मशीन तिरुचेंगोडचं, डिझेल काटोल नाक्यावरचं,
नोंदवही माझी.
गोरेवाड्याकडच्या नव्या प्रसूतिगृहामागे
बारा बोअर पाडायचे होते, तीनशे फुटांचे.
मे महिन्याची उष्णता खाली पुरून ठेवायची
आणि डिसेंबरात पारा सातावर आला की
बाळंतिणींच्या खोल्यांसाठी परत मागायची.
कागदावर एवढंच होतं.
कागदावर पाणी म्हणजे एक तुटक निळी रेघ.

सहा बोअर कोरडे गेले.
जन्मभर पाण्यासाठी जमीन फोडलेला पळनीसामी
भोकातून नुसता भुगा उडाला की ओशाळायचा.
दर बोअरआधी तो नारळ फोडे, कापूर लावे,
आणि संध्याकाळी मी त्याला सांगे, छान, कोरडा गेला.
त्याला ते एकदाही पटलं नाही.

सातव्याला, एकशे चाळीस फुटांवर
काळ्या दगडाखाली तांबडी माती आली,
दोन लाव्ह्यांच्या मधली,
पहिला निवला आणि दुसरा यायचा होता
तेवढा काळ उघड्यावर पडलेली.
हातोड्याचा आवाज बसला.
पळनीसामी म्हणाला, "तण्णी."
एवढं तमिळ साइटवर सगळ्यांना येत होतं.

मग दोन पुरुष उंच उसळलं.
पोरं नाचली, कुणी ड्रम आणला, कुणी मोबाइल.
मी बादली धरली आणि घड्याळ:
वीस लिटर, सहा सेकंद.
लिहिताना वही भिजली, सहाचा डाग झाला.
गाळाचा खड्डा तासाभरात तुडुंब,
लाल ओघळ नाल्याकडे निघालेला,
आम्ही सिमेंटच्या गोण्या आडव्या टाकतोय
आणि फोनवर बोंदरेसाहेब: पाणी लागलं? मग काय!
पंप टाका, टँकर भरू.

त्यांना कसं सांगावं,
वाहतं पाणी उष्णता धरून बसत नाही.
मेमध्ये ठेव ठेवायची आपण
आणि डिसेंबरात ती निघायची कोराडीकडे.

पण तोवर कुंपणापाशी जमनाबाई उईके उभी होती,
नर्सरीवाली, हाताला शेणखत.
"काहून वो मॅडम, माह्या विहिरीले काय केलं?
सकाळी तीन पायऱ्या उघड्या होत्या, आता सात हायेत.
अन् पाणी पाहा, मेंदी कालवल्यावानी."
आमच्या नकाशात ती विहीर नव्हती.
नकाशात तिथं 'मोकळी जागा' लिहिलं होतं,
अक्षर माझंच.

रात्री पाइप उतरवायला घेतला तर जाईना.
रिकामा पाइप पाणी वर ढकलून देतं,
चार जण लोंबकळले तरी.
शेवटी त्याच्या पोटात पाणी भरलं
तेव्हा गेला, निमूट.
त्याच्या शेजारून बारीक नळी, पार तळापर्यंत,
आणि तिच्यातून बेंटोनाइट, सिमेंट, खालून वर.
वरून ओतलं तर वाट्टेल तिथं अडकतं.
पहिल्या चार खेपा त्या तांबड्या फटीनं गिळल्या.
पाचवीत खडी घातली, वाट पाहिली, चहा प्यालो.
पहाटे तोंडाशी आधी लाल पाणी आलं,
मग राखाडी पातळ,
मग पळनीसामीनं बोट बुडवून वर धरलं
आणि बोटावरून काही ओघळलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी मी पायऱ्या मोजते.
वहीत त्याला रकाना नाही, समासात लिहिते.
सात. सात. सहा. पाणी निवळतंय.
आज पाच, आणि जमनाबाई म्हणाली,
"तीन होत्या, इसरू नका."

आठव्या बोअरची खूण मी कुंपणापासून दूर सरकवली.
पळनीसामीनं कापूर लावला, नारळ उचलला
आणि तसाच हात वर धरून थांबला.
"मॅडम," त्यानं विचारलं,
"आता काय मागायचं?"

कापूर जळत होता.
मला पटकन काही सुचलं नाही.