लवचीक

दोमिंगासनं तिकीट काउंटरवर ठेवलं,
चार घड्या पडलेलं.
'लवचीक' या शब्दाखाली पेनाची रेघ, तिचीच.
तिकडे प्राइयात लेकीला
नऊ दिवस आधीच कळा सुरू झालेल्या.

बदल फुकट आहे, मी म्हटलं.
भरायचा तो फक्त भाड्यातला फरक:
दोनशे चौदा युरो.
(मूळ तिकीट एकशे नव्वदचं.)

फुकट ना? तिनं पुन्हा विचारलं.
हो. फुकटच.

मग ती वाकली,
लिस्बनचे जिने पुसून पुसून
लाकूड झालेली कंबर एका हातानं धरत,
बुटातल्या नोटा काढायला.

खाली असतानाच फोन वाजला.
मुलगा.
कसलाही फरक न भरता आला होता.

मी पावती छापली.
बदलाचं शुल्क: शून्य.