सही तीच आहे

सव्वाबाराला बातमी आली
तेव्हा माझ्या मशीनमध्ये कागद अडकला होता.
सीबीएसच्या मागची गल्ली. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन.
दुकानाला तीन पायऱ्या, त्यांच्यावर मीच टाकलेली फळी,
कुबडी घसरू नये म्हणून तिला ठोकलेलं
जुन्या टायरचं रबर.

रऊफ पानवाला ओरडला, दिला! मंत्र्यानं दिला राजीनामा!
मिसळवाल्यानं पातेल्यावर झारा वाजवला.
अपंगांच्या ताटातलं काढून घेणं
मनाला पटेना, असं म्हणाला म्हणे.
चष्मा काढून डोळे पुसले म्हणे.
शालिमारकडं कुणीतरी फटाक्यांची माळ लावली,
अर्धी वाजली, अर्धी तशीच पडून राहिली.
पेढे वाटत एक पोरगा आला,
सगळ्यांना एकेक दिला,
माझ्या कुबडीकडं बघून मला दोन.

मग तोंडं सुटली.
रिटायर कंडक्टर खैरनार म्हणाले, दिलाचा माणूस.
वकिलाचा कारकून म्हणाला, दिलाचा? पंधरा दिवस थांबा,
गळ्यात दुसरा गमछा दिसेल.
एक बाई म्हणाल्या, आमच्या शाळेत आला होता बक्षिसं वाटायला,
मुलांशी खाली बसून बोलला हो.
कुणी म्हणालं, शुगर वाढली असेल.
कुणी म्हणालं, इतके दिवस पटत होतं का मग?
सातपूरच्या कारखान्यात तीन बोटं ठेवून आलेला पुंडलिक अहिरे
म्हणाला, मलाही द्यायचाय राजीनामा. या हाताचा.
टाइप कर. दोन प्रती लागतात की तीन?
आम्ही हसलो.
हसून झालं तरी तो उभाच होता.

पंधराशेचे नऊशे.
ऐंशी टक्क्यांच्या खालचे सगळे.
मी पासष्ट टक्के,
सिव्हिलच्या डॉक्टरांनी टेप लावून,
पाय दोनदा मोजून दिलेले.
उरलेल्या पस्तीस टक्क्यांत मी धडधाकट आहे,
तिथं मला कुणी जागा देत नाही, पेढाही देत नाही.
नोटा तर इथंच छापतात, नाशिकरोडला.
आई म्हणायची, शाई ओली असेपर्यंत आपल्या गावच्या,
वाळल्या की त्यांना पाय फुटतात.

दीड वाजता राजीनाम्याचा फोटो मोबाइलवर आला.
संघटनेच्या पोरांना पन्नास प्रती हव्या होत्या, अभिनंदनाच्या सभेसाठी.
कपातीच्या आदेशाच्या मागच्याच महिन्यात
शंभर काढल्या होत्या मी, निषेधाच्या सभेसाठी,
त्यातली एक गल्ल्याखाली होती.
दोन्ही कागद शेजारी ठेवले, काचेवर.
सही तीच.
आडनावाच्या शेवटी तोच गोल फाटा,
खाली तसेच दोन ठिपके.
हात कुठंच थरथरलेला नाही, यावर नाही, त्यावरही नाही.
मी कुणाला दाखवलं नाही.
सभा होती, पोरं खूश होती,
आणि मशीनही एकदाचं चालू झालं होतं.

संध्याकाळी यमुनाबाई निरभवणे आल्या,
फळीवर काठी दोनदा आपटून, नेहमीसारख्या.
त्यांना हयातीच्या दाखल्याची प्रत हवी होती.
दरवर्षी द्यावी लागते,
जिवंत असल्याची, साक्षांकित.
म्हणाल्या, सगळा गाव वाजवतोय, आपलं परत झालं का?
नाही मावशी.
मग एक तारखेला?
नऊशेच.
म्हणजे तो गेला आणि कागद राहिला.
मी काही बोललो नाही. त्या म्हणाल्या, दे बघू,
त्याचे दोन्ही कागद दे.
घेतले, तळहातानं चाचपले, गालाला लावले.
गरम आहेत रे दोन्ही. आदेश कुठला यातला?
मी त्यांचं बोट धरून आदेशावर ठेवलं.
त्यांनी त्याचा कोपरा दुमडला, ओळखायला,
आणि तिन्ही कागद पिशवीत घातले,
मेथीच्या जुडीखाली.

तीन प्रतींचे सहा रुपये होतात.
मी दोनच घेतले.
कुठल्या कागदाचे, ते त्यांनी विचारलं नाही.