पत्त्याचा रकाना

नोव्हेंबरात नकाशानं सांगितलं
की कावीळ नगरपालिकेत आहे.
नेमकी नगराध्यक्षांच्या खोलीत,
हिरव्या पडद्याच्या खिडकीपाशी,
एकसष्ट ठिपके एकावर एक,
मिळून एकच, कोटाच्या बटणाएवढा, लाल.

मी हसले. मग चहा गार होऊन गेला.

संगणकाचा दोष नव्हता. त्याला शिकवलंच आहे तसं:
रस्त्याला नाव नसेल, घराला क्रमांक नसेल,
तर माणूस गावाच्या मध्यावर ठेव.
पूर्व स्लोव्हाकियातल्या आमच्या या गावात
नदीपलीकडे, रुळाच्या कडेनं
पत्र्याची घरं चढावर चढत जातात.
तिथल्या वाटांना नावं ठेवली सगळ्यांनी,
नाव कुणी दिलं नाही.

मार्गिता घेऊन गेली मला.
ती आमची आरोग्यसेविका, त्याच वस्तीतली, रोमा,
काखेत नोंदवही, खिशात सूर्यफुलाच्या बिया.
"पत्ता काय लिहू?"
"देझिदेरच्या बंद मोटारीमागे," ती म्हणाली,
"मग निळं दार. मग जिचा नवरा इंग्लंडात आहे ती.
मग जिचा नवरा आहे म्हणतात, ती."
मी तसंच लिहिलं.

हातपंप एकच. मुठीला चिंध्या गुंडाळलेल्या,
थंडीत लोखंड तळहाताची साल काढतं म्हणून.
शौचाचे खड्डे वर, पंप खाली.
पाणी रकाने वाचत नाही,
उतार वाचतं.

निळ्या दारातल्या पोराचे डोळे
मी बघणार, तर त्यानंच माझे निरखले:
"तुझे असे पांढरे कसे?"

रात्री हिशेब मांडला. अंश होता, एकसष्ट.
छेद कुठून आणू?
जनगणनेत वस्तीची माणसं दोनशे बारा.
मार्गिता उंबऱ्यावरच्या बुटांवरून मोजत गेली होती,
तीनशे सत्तेचाळीस,
"एलविराचं आज-उद्याच आहे, अठ्ठेचाळीस लिही."
छेद वाढला की दर उतरतो.
खरी माणसं धरली की आजार थोडा कमी दिसतो,
हे तिला समजावताना
उगाच जीभ जड झाली.
तरी हजारी एकशे पंचाहत्तर.
नदीच्या अलीकडे, हजारी एकही नाही.

जमात लिहायला आमच्याकडे रकाना नाही.
भेदभाव नको म्हणून ठेवला नाही, योग्यच.
भेदभावाला रकाना लागतो कुठे,
त्याला नदी पुरते.

इकडे नगराध्यक्षांचा फोन रोज.
तो ठिपका काढा. लोक विचारतात. नाताळचा बाजार तोंडावर आलाय.
दोनदा माणसं बोलावून नळाचं पाणी तपासलं,
जिने फिनेलनं धुतले,
साबणाच्या नव्या वड्या, मजल्यागणिक.

डिसेंबरात मी दुरुस्ती केली.
एकेक ठिपका उचलून
मोटारीमागे ठेवला, निळ्या दाराशी ठेवला,
नकाशाच्या त्या कोऱ्या कोपऱ्यात
पहिल्यांदाच काहीतरी होतं.
नगरपालिका लख्ख झाली.
आभाराचं पत्र आलं, सोबत अक्रोडाचा केक.
त्यानंतर फोन नाही.

मार्गितानं नवा नकाशा हातभर लांब धरला,
आपलं घर शोधलं, बोट ठेवलं,
बराच वेळ उचललं नाही.
मग बी दातानं फोडत म्हणाली,
"छान झालाय. पण चुकला होता तोच बरा होता गं."

दुसऱ्या पंपासाठी अर्ज तिसऱ्यांदा भरते आहे.
पहिलाच रकाना: बाधित ठिकाणाचा पत्ता.
पेन जरा थांबलं.
मग लिहिलं, स्वच्छ अक्षरात:
नगरपालिका, पहिला मजला,
हिरव्या पडद्याची खिडकी.